लाजाळू भूत आणि मार्चअखेरचा करार

ताई,
मी ३४ वर्षांची. बी.एड. केलं, दोन वर्षं नोकरी केली आणि मग थायलंडला आले. ईशान्येकडच्या एका प्रांतात सरकारी माध्यमिक शाळेत एजन्सीमार्फत इंग्रजी शिकवते. हे सहावं वर्ष. येताना वाटलं होतं, आपण मुलांना बोलतं करू. आठवड्याला १८ वर्ग, प्रत्येकात ४५ मुलं, आणि प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदाच, ५० मिनिटं. अजूनही 'हाऊ आर यू' विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात 'आय ॲम फाइन थँक यू अँड यू' म्हणतो. गेल्या सत्रात ११ मुलांना शून्य दिलं, यादी परत आली तेव्हा सगळी पास. शेजारच्या वर्गात इंग्लंडहून आलेला २४ वर्षांचा मुलगा आहे. पहिलीच नोकरी, शिकवण्याचं शिक्षण काही नाही, लेसन प्लॅन माझे वापरतो. त्याला ३६,००० बात, मला २२,०००. पालकसभेच्या आधी मला सांगितलं गेलं, 'कुठल्या देशाच्या ते सांगू नका, विचारलंच तर लंडनला शिकले म्हणा.' मी म्हटलं तसं. त्या रात्री झोप लागली नाही. ३१ मार्चला करार संपतो, पंधरा दिवसांत कळवायचंय. आई म्हणते परत ये. सही करू की परत येऊ? की या कामात मुळातच काही अर्थ नव्हता आणि ते कळायला मला सहा वर्षं लागली?
ता. क. एवढं रडगाणं गायलं खरं, पण मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पाच मुली माझ्याकडे येतात. इंग्रजीत एका भुताची गोष्ट लिहितायत, मी तपासून देते. तेवढा अर्धा तास बरा जातो.

तू ताई म्हणालीस, तर मीही सरळ अगं-तुगं करते.

तुझं पत्र आधी नुसतं वाचलं, मग पेन घेऊन वाचलं. जुनी खोड आहे, हातात पेन नसेल तर समोरच्याचं लिहिलेलं मला नीट दिसतच नाही. मूळ पत्र मोठं होतं, वर जागेपुरतं कापून दिलंय. पण ओळी मी मोजल्या. पगारावर एकवीस, लंडनवर तीन आणि त्या मुलींवर दोन, त्याही ताजा कलमात. त्या दोन ओळींवर मी शेवटी येणार आहे. आधी तुझा हिशोब मांडू, कारण तुझ्या निराशेतला निम्मा भाग निव्वळ गणिताचा आहे.

४५ गुणिले १८ म्हणजे ८१० मुलं. सत्र २० आठवड्यांचं, अशी दोन सत्रं. त्यातून परीक्षा, क्रीडा दिवस, स्काउट कॅम्प, आयत्या वेळी घोषित झालेले कार्यक्रम वजा कर. एका वर्गाला तू वर्षात फार तर ३४ वेळा भेटत असशील. म्हणजे १,७०० मिनिटं, जेमतेम २८ तास. केंब्रिजवाले सांगतात की अगदी शून्यापासून ए-टू पातळी गाठायला, म्हणजे बाजारहाट, पत्ता विचारणं, आपल्याबद्दल चार वाक्यं एवढं जमायला, १८० ते २०० तास शिकवणं लागतं. २८ तासांच्या गतीनं त्याला साडेसहा-सात वर्षं हवीत. थाई शिक्षिका व्याकरणाचे तास घेते ते वेगळे, पण 'बोलतं करणं' तुझ्या गळ्यात आहे ना? मग हेही बघ: तू वर्षभर तोंडातून चकार शब्द काढला नाहीस आणि सगळा वेळ मुलांना वाटून दिलास, तरी एका मुलाच्या वाट्याला ३८ मिनिटं येतात. वर्षाला ३८ मिनिटं! एवढ्यात 'आय ॲम फाइन थँक यू अँड यू' बिनचूक येत असेल तर मी म्हणेन, बरंच आलं.

तुझं कौशल्य कमी पडलं की मुलं ठोंब्या डोक्याची आहेत, हा प्रश्नच इथे लागू होत नाही. ज्यानं हे वेळापत्रक आखलं त्याला मुलं बोलती व्हायला नकोच होती. त्याला प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकदा परदेशी माणूस दाखवायचा होता. शून्याचं पास होणंही त्याच कपाटातलं. त्या यादीवर झोप घालवू नकोस, तिथे तुझी सही फक्त रकाना भरायला लागते.

आता पगार. इथे मी तुझी समजूत घालणार नाही, कारण तुझा राग बरोबर आहे. जगभर या धंद्यात माणसाआधी पासपोर्ट वाचला जातो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-टू व्हिसा घे. मुळात तो सातच देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी नंतर व्यापार कराराच्या आडून एक फट उघडली, तीही सहायक शिक्षकापुरती. थायलंडमध्ये इंग्रजी मायबोली नसलेल्यांकडून टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, ते तू दिलेच असशील. तुझ्या शेजारच्या पोराकडे कुणी मागितले नसणार. अभ्यासकांच्या जगात हा भेद कधीचाच निकालात निघालाय. मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली (ती मायबोली असलेले देश, दुसरी भाषा म्हणून रुजलेले देश आणि परकी म्हणून शिकणारे देश) आणि भारतासारख्या देशांतलं इंग्रजी ही नक्कल नसून त्या त्या देशाची स्वतःची इंग्रजी आहे, असं जन्मभर सांगितलं. जन्मानं इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, या समजाला रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये थेट भ्रम म्हटलं. इंग्रजी शिक्षकांच्या 'टीसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध अधिकृत भूमिका जाहीर केली. आणि एवढं सगळं होऊन तुझ्या हातात पडतात २२,०००. ठरावांनी पगार वाढत नसतात.

मी स्वतः १४ वर्षं हे काम केलं. आधी थायलंड, मग व्हिएतनाम. पहिल्या शाळेत एक पद्धत होती. सकाळी साडेसातला परदेशी शिक्षकांनी फाटकावर उभं राहायचं आणि गाड्यांतून उतरणाऱ्या मुलांना वाकून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. याची पाळी लागायची, कागद नोटीस बोर्डावर असायचा. माझं नाव त्यावर कधीच नसे. पहिले दोन महिने मी खूश होते, अर्धा तास जास्त झोप मिळाली म्हणून. तिसऱ्या महिन्यात पाऊस होता, दोघं आजारी होते, फाटकावर कुणीच नव्हतं, तर मी आपली छत्री घेऊन जाऊन उभी राहिले. कार्यालयातून एक बाई धावत आली, हसतमुखानं माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाली, 'तुम्ही ग्रंथालयात बसा, तिथे एसी आहे.' फाटक म्हणजे शाळेचं शोकेस होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या पोराच्या तुझ्याहून जास्त असलेल्या १४,००० पैकी शिकवण्याचा एक बातही नाही. ते सगळे फाटकाचे आहेत. तुमच्या कामांची तुलना करत बसलीस तर वेड लागेल, कारण ती दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांच्या करारावर पदनाम मात्र एकच.

बिचारा तोही सुखात नसणार, हे जाता जाता. फाटकावरच्या माणसाला वय झालं की बदलतात.

लंडनवर तू तीनच ओळी लिहिल्यास, पण झोप उडाली ती त्याच रात्री. पगारावर एकवीस ओळी लिहून झोपणारी तू! म्हणून हे स्पष्ट सांगते: ते वाक्य परत म्हणायचं नाही. आरडाओरडा करू नकोस, कुणाला उघडं पाडू नकोस. पुढच्या वेळी कुणा पालकानं विचारलं तर शांतपणे सांग की मी भारतातली, आणि इंग्रजी मी तुमच्या मुलांसारखीच शाळेत शिकले. एवढंच. यावर शाळेनं नोकरीवर पाणी सोडायला लावलं, तर त्या शाळेबद्दलचा तुझा प्रश्न सुटला म्हणायचा. माझा अंदाज असा की काही होणार नाही. एखादी आई तर खुर्ची पुढे ओढून विचारेल, 'मग तुम्ही कसं केलंत?'

कारण तुझ्याकडे याचं उत्तर आहे आणि शेजारच्या वर्गाकडे ते नाही. इथे मला जरा रेंगाळू दे, हा माझ्या आवडीचा भाग आहे.

तुझी मुलं 'फुटबॉल'ला 'फुटबॉन' म्हणतात, 'बिल'ला 'बिन' आणि 'बस'ला 'बत्'. इंग्लंडहून आलेला मुलगा हे वीस वेळा दुरुस्त करतो आणि मग हताश होतो. प्रत्यक्षात थाई शब्दाच्या शेवटी मोजकेच ध्वनी येऊ शकतात, 'ल' आणि 'स' त्यांत नाहीत, म्हणून जीभ जवळच्या ध्वनीकडे घसरते. तू हे कानानं ओळखू शकतेस, कारण तुझ्या जिभेनंही कधीतरी इंग्रजीसाठी वळणं घेतली आहेत. 'आय गो यस्टरडे' घे. थाई क्रियापद काळानुसार बदलतच नाही. काल, आज, उद्या असा शब्द लावला की काम झालं. मुलाच्या लेखी 'यस्टरडे' म्हटल्यावर 'वेंट' ही निव्वळ उधळपट्टी. आणि 'अ', 'ॲन', 'द'! ही उपपदं ना मराठीत, ना थाईत. ज्याला ती आईच्या दुधाबरोबर मिळाली तो म्हणतो, 'इथे द बरोबर वाटतं, बस.' तू ती आठवीत घाम गाळून शिकलीस. 'द' कधी येतो ते तू समजावू शकतेस, कारण तुला कुणीतरी समजावलं होतं.

उलट दिशेनंही बघ. थाईत प आणि ओठ मिटून म्हटलेला फ, त आणि थ, क आणि ख असा फरक आहे. फुकेत हे नाव गोऱ्या शिक्षकाच्या तोंडून ऐक आणि मग स्वतः म्हण. तुला तो ओठ मिटलेला फ फुकट मिळालाय. सूर मात्र आपल्याकडे नाहीत आणि तिथे मी आपटले. एका मुलीच्या आईला मला सांगायचं होतं की हिचं अक्षर सुंदर आहे. सुंदर म्हणजे 'सुअय', सूर खालून वर चढवत म्हणायचा. मी सपाट म्हटला. सपाट सुअय म्हणजे पनवती. आईचा चेहरा पडला, मुलगी खाली बघून हसू दाबत होती, आणि मग तीच मुलगी, जिनं वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं, मला तो शब्द म्हणून दाखवायला लागली. एकदा, दोनदा, पाच वेळा, हातानं सुराची चढण दाखवत. पाचव्यांदा जमलं. तिनं इतक्या गंभीरपणे मान हलवली की मी हसले नाही. पुढच्या आठवड्यात तिनं पहिला इंग्रजी प्रश्न विचारला. त्यातून मी काय शिकले तर गप्प मूल हे बहुतेक वेळा कुणाच्या तरी आधी चुकण्याची वाट बघत असतं. पुढे प्रत्येक नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी थाईत मुद्दाम काहीतरी चुकायचे. मुद्दाम करायची गरज फारशी पडली नाही, ते सोड.

आता त्या दोन ओळी. पाच मुली, आठवड्यातून एकदा, अर्धा तास, स्वतःहून, जेवणाची सुट्टी सोडून. आधीचं गणित आठव. या मुलींना आठवड्याला प्रत्येकी सहा मिनिटं मिळतायत, बाकीच्यांना एकच. वर त्यांच्या हातात स्वतःची गोष्ट आहे. मूळ पत्रात तू त्यांचं एक वाक्य दिलं होतंस: 'द घोस्ट व्हेरी शाय.' तुला वाटलं असेल 'इज' राहिला. थाईत विशेषणच क्रियापदाचं काम करतं, वेगळा 'आहे' लागत नाही. आणि मराठीत तरी कुठे लागतो? 'भूत फार लाजाळू.' झालं की वाक्य. सहा वर्षांत तुला शिकवायला मिळालं ते या अर्ध्या तासात, असं मी म्हणेन. बाकी वेळ तू हजेरी लावत होतीस. तेव्हा या कामात अर्थ होता का, हे तू मला विचारू नकोस. तो अर्थ होता म्हणूनच तू तो ताजा कलमात दडवलास, नाहीतर तक्रार लंगडी पडली असती. हा अर्धा तासही तुला ओझं वाटत असता, तर मी एका ओळीत 'परत ये' लिहून मोकळी झाले असते.

आणखी एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण ती सहा वेळा तुझ्यासमोर घडलीय. दर जूनमध्ये एका गुरुवारी शाळेत वाय ख्रू, म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा असतो. ख्रू म्हणजे गुरूच, आणि गुरुवारचं थाई नावही बृहस्पतीवरूनच आलेलं. मुलं गुडघ्यांवर पुढे येतात आणि ताट देतात. त्यात हरळी असते, म्हणजे आपली दूर्वाच, कुठेही रुजते आणि पसरते म्हणून. इक्झोराची फुलं असतात, कारण थाईत त्यांचं नाव सुईवरून आहे आणि बुद्धी सुईसारखी हवी. वांग्याचं फूल मान खाली घालून उमलतं, तो विनय. आणि लाह्या, ज्या आपापल्या जागी झाकणाखाली फुटतात, ती शिस्त. पहिल्या वर्षी माझ्या समोरच्या ताटातलं वांग्याचं फूल उन्हानं पार सुकलं होतं, आणि आणणाऱ्या पोरानं ते दोऱ्यानं काडीला बांधून वाकवलं होतं. मला वाटतं त्या देशात पासपोर्ट न बघता मिळालेली ती माझी पहिली गोष्ट. पगाराचा तो पर्याय नाही, हे मलाही कळतं. घरभाडं दूर्वांनी भरता येत नाही. पण सहा वर्षांचा जमाखर्च मांडतेस तर जमेचा रकाना कोरा ठेवू नकोस.

बरं, सही.

आहे त्या करारावर करू नकोस. आणि परत येण्याचा निर्णय या महिन्यात घेऊ नकोस. शाळेचं वर्ष संपतं, ऊन टिपेला पोचतं, ८१० मुलांचे गुण भरून बोटं दुखतात. मी दर मार्चमध्ये मनातल्या मनात राजीनामा देत असे आणि मेमध्ये नव्या वह्या बघून विसरत असे. परत येणं वाईट नाही, पण ते विश्रांती घेतलेल्या डोक्यानं ठरव.

मला पत्रात सगळ्यात खटकलं ते वेगळंच. तू बी.एड. आहेस आणि सहा वर्षं तात्पुरत्या परवान्यावर शिकवतेस! थायलंडच्या शिक्षक परिषदेचा, खुरुसपाचा, तो दोन-दोन वर्षांचा तात्पुरता परवाना ज्यांच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही त्यांची सोय म्हणून असतो. तुझ्याकडे ती आहे. पूर्ण परवान्यासाठी अर्ज का केला नाहीस? मी सांगते: एजन्सीनं कधी सुचवलं नाही, कारण परवाना हातात असलेली शिक्षिका एजन्सीशिवाय थेट शाळेत नोकरी मिळवते. तू विचारलं नाहीस, कारण तुझ्याही मनात कुठेतरी आपण इथे पाहुणे आहोत असं होतं. याच आठवड्यात विद्यापीठाला गुणपत्रिका आणि पदवीच्या पडताळणीसाठी लिही. ते काम महिनोन्महिने रेंगाळतं, म्हणून आधी ते. खुरुसपाच्या सध्याच्या अटी त्यांच्याकडूनच घे, एजन्सीच्या तोंडून नको.

मग शाळेकडे, एजन्सीकडे नव्हे, दोन गोष्टी लेखी माग. १८ वर्ग एकेकदा घेण्याऐवजी ९ वर्ग दोनदोनदा दे म्हण. तासिका तेवढ्याच, खर्च शून्य, मुलं मात्र निम्मी. शाळा बहुधा नाही म्हणेल, कारण मग ९ वर्गांना परदेशी चेहरा दिसणार नाही, पण नकार कागदावर आला की तुझाच गोंधळ मिटेल. दुसरं म्हणजे परवान्याच्या अर्जाला लागणारी शाळेची कागदपत्रं.

दोन्हींना नकार आला तर हीच वेळ नोकरी शोधायची आहे. शाळा मेच्या मध्यावर उघडतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल सगळीकडे भरती असते. सरकारी शाळांमध्येच इंग्लिश प्रोग्राम आणि मिनी इंग्लिश प्रोग्राम, म्हणजे काही विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्या तुकड्या असतात, तिथे तीच मुलं रोज भेटतात. खासगी द्विभाषिक शाळा आहेत. डेमोला बोलावतील तेव्हा गाणी-खेळ करू नकोस, ते सगळेच करतात. 'फुटबॉन'चा तास घे. वीकेंडला ऑनलाइन मिळणाऱ्या १२० तासांच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नकोस, तुझ्या बी.एड.समोर ती कागदाची चिटोरी आहेत. शाळांऐवजी मोठ्यांना शिकवायचं मनात असेल तर सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम कर. तोही १२० तासांचाच, पण त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे बसलेला माणूस प्रत्येक मिनिट लिहून घेतो. मी नोकरीच्या सातव्या वर्षी केला, दोनदा रडले, आणि आधीची सहा वर्षं मी वर्गात किती बडबडत होते ते तेव्हा कळलं.

हे सगळं करूनही पगारातली दरी पूर्ण बुजणार नाही. अरुंद होईल. आणि हा धंदा मुळातच वाळूवरचा आहे, ते डोळे उघडे ठेवून बघ. २००७ मध्ये जपानमधली इंग्रजी संभाषणवर्गांची सगळ्यात मोठी साखळी, नोव्हा, कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. जुलै २०२१ मध्ये चीननं शाळाबाह्य शिकवण्यांवर बडगा उगारला आणि घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या कितीकांचं काम काही आठवड्यांत गेलं. माझ्यावरही आलं. व्हिएतनाममध्ये एका सोमवारी वर्गावर गेले तर शटर खाली आणि त्यावर चिकटपट्टीनं लावलेला एक कागद. दोन महिन्यांचा पगार त्या शटरच्या आत राहिला. तेव्हापासून मी एक नियम पाळला: सहा महिने पगाराविना जगता येईल एवढे पैसे, कितीही लहान खोलीत राहावं लागलं तरी. या कामात पेन्शनचा भरवसा नाही, तुझी तीच पेन्शन. ३४ व्या वर्षी सुरू केलंस तर उशीर नाही, ४४ व्या वर्षी मी केलं तेव्हा झाला होता.

सोडायचं ठरलं तर तारखा सांभाळ. तिथे नोकरीचा शेवटचा दिवस तोच राहण्याच्या परवानगीचाही शेवटचा दिवस. नवी शाळा पक्की असेल तर दोन्ही शाळांना तारखा एकमेकींना जुळवून द्यायला लाव. वर्क परमिट रीतसर रद्द करून घे आणि अनुभवाचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय निरोपाच्या पार्टीला जाऊ नकोस. पार्टीनंतर कुणी कागद देत नाही.

आईला काय सांगायचं ते तू जास्त चांगलं जाणतेस. मी माझ्या आईला दरवर्षी 'हे शेवटचं' म्हणायचे, ते करू नकोस. तिला परवान्याचं सांग, काय करतेयस आणि किती महिने लागतील ते सांग. आयांना तारखा आवडतात.

आणि कोणताही करार समोर आला तरी नुसती इंग्रजी प्रत वाचून सही करू नकोस. थाई आणि इंग्रजी प्रतींत फरक निघाला तर कोणती ग्राह्य धरायची, याचं एक कलम बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर असतं. ते थाई प्रतीच्या बाजूनं असेल तर ती प्रत एखाद्या थाई सहकाऱ्याकडून ओळीनं वाचून घे. जादा तास, सुट्टीतला पगार आणि मध्येच सोडल्यास दंड, ही तीन कलमं तर दोनदा.

मंगळवारी त्या मुलींना विचार, पुढच्या वर्षी तू दुसऱ्या शाळेत असलीस तर वहीची पानं फोनवरून पाठवतील का. आणि ते भूत एवढं लाजतं कुणाला, ते मला कळव. 'इज' नंतर घालता येईल.